अर्ध्या दिवसाचा डबा

डबा माझ्या बायकोचा होता आणि त्यात अर्धाच दिवस होता. आकडा पडद्यावर आला तेव्हा मी हातमोजे काढत होतो. एक निघाला होता, दुसरा तसाच हातात राहिला. यंत्र चुकलं असेल म्हणून नमुना पुन्हा लावला. यंत्राने तोच आकडा दिला. यंत्राचं काय जातं, त्याला ना बायको ना संसार. मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली मागच्या अंगणात कोणीतरी रिकामे डबे धुऊन उन्हात पालथे घातले होते, आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती, की रविवारी अर्धा दिवस ही घरात नव्हती. मग होती कुठे?

आमच्या खोलीत लोकांची लघवी येते. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. माझ्या मेव्हण्यांनी लग्न ठरतानाच हसून घेतलं आहे. चमचाभर नव्हे, अख्ख्या दिवसाची, पांढऱ्या मोठ्या डब्यात. सकाळी उठल्यावरची पहिली वेळ टाकून द्यायची, घड्याळ बघायचं, आणि तिथून पुढची प्रत्येक वेळ डब्यात, ती दुसऱ्या दिवशी उठल्यावरची धरून. शरीरातल्या ग्रंथी ठरल्या हप्त्याने हॉर्मोन सोडत नाहीत. सकाळी हात सैल, रात्री आखडता, आणि भीती वाटली की उधळपट्टी. खरं काय ते कळायचं तर सगळा दिवस एका भांड्यात हवा. आम्ही त्यातलं कॉर्टिसॉल मोजतो, त्याच्या जातीची बाकीची स्टेरॉइडं मोजतो, आणि लोक आमच्याशी खोटं बोलतात. पाहुणे आले, बाजारात जावं लागलं, लाज वाटली, एक वेळ चुकली. पण विचारलं तर प्रत्येकजण छातीवर हात ठेवून सांगतो, सगळं धरलं. म्हणून आम्ही आधी क्रिएटिनिन बघतो. तो स्नायूंचा केर. रोजचा रोज बाहेर पडतो आणि एका माणसाचा रोज साधारण तेवढाच. तो कमी भरला की समजायचं, दिवसाचा एक तुकडा डब्याबाहेर गेला. हिचा आकडा तर मला पाठ होता. ही चाचणी आमच्याकडे नवी आली तेव्हा धडधाकट माणसांचे नमुने हवे होते, आणि मी घरात सगळ्यांना डबे वाटले होते. हिने कुरकुरत दिला, अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हौसेने दिला. हिच्या तेव्हाच्या आकड्याच्या निम्मासुद्धा आता समोर नव्हता.

घरच्या माणसाचा नमुना आपण लावायचा नाही असा आमच्याकडे रिवाज आहे. मी त्या दिवशी पाळी बदलून घेतली होती. का घेतली, असं कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की काळजीपोटी. स्वतःला विचारायची वेळ मी येऊ दिली नाही.

काउंटरवर डबे घेणाऱ्या बाईंना आम्ही फौजदार म्हणतो. पहिली टाकली का, शेवटची धरली का, मध्ये कुठे गेला होतात, असं त्या भल्याभल्यांना घाम फुटेपर्यंत विचारतात. मी जाताजाता सहज विचारावं तसं विचारलं, "आमच्या घरचा डबा तुम्हीच घेतलात ना? काय म्हणाली ही?" फौजदार म्हणाल्या, "वहिनी म्हणाल्या, दिवसभर घरातच होते, सगळं धरलंय. का हो, काही कमीजास्त?" मी म्हटलं, छे, तसं काही नाही. पण तसं काहीतरी होतंच. डबा उघडला तेव्हा नाकात भपकन वास गेला होता आणि नमुना गढूळ होता. डबा देतानाच आम्ही तळाशी एक पांढरी पूड घालून देतो, आतलं नासू नये म्हणून. ती असती तर असं झालं नसतं. म्हणजे डबा मध्येच कोणीतरी धुतला होता. सरळ मनाची बाई डबा कशाला धुईल? विसरली असेल दिवसभर, संध्याकाळी घरी येऊन घाईघाईने सुरुवात केली असेल, आणि त्या घाईत आधी डबा विसळला असेल. माझ्या डोक्यात हे इतकं सरळ जुळून आलं की मला जवळजवळ बरं वाटलं.

त्या रविवारी मी कामावर होतो. यंत्राचा एक भाग बदलायचा होता. दुपारी घरी फोन केला तर नुसता वाजत राहिला. संध्याकाळी विचारलं तेव्हा ही म्हणाली, "बाथरूममध्ये होते, ऐकू नाही आला." मी म्हटलं, इतका वेळ? ती म्हणाली, "बायकांना लागतो वेळ." आणि हसली नाही. एरवी अशा बोलण्यानंतर ती हसते. तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं, आता आलं. संशयाची ही एक गंमत आहे, तो मागे जाऊन सगळं पुन्हा वाचतो, आणि दर वेळी त्याला एक ओळ जास्त सापडते.

ओळी खूप होत्या. वर्षभरात हिचा चेहरा गोल झाला होता, गालांवर लाली आली होती. चाळिशी उलटलेल्या बाईच्या गालांवर लाली कशाने येते? मी तिच्याशी काही गोड बोलल्याचं मला तरी आठवत नव्हतं. ती नवे, सैल कपडे घ्यायला लागली होती. रात्री तिला झोप लागत नसे, मी कूस बदलली की ती डोळे उघडे ठेवून छताकडे बघत असायची, आणि विचारलं तर म्हणायची, "काही नाही, तुम्ही झोपा." दंडांवर निळे डाग दिसायचे. कशाचे गं, तर दाराला लागलं. पुन्हा दिसले, तर कपाटाला लागलं. बायका दारं-कपाटांना आपटून घेतात असं ऐकत आलो होतो, पण आमच्या घरात आपटायला एवढी दारं कुठे आहेत. डाग बोटांच्या मापाचे असायचे. मी एकदा ती झोपली असताना त्यांच्यावर आपली बोटं ठेवून बघितली होती. बसली नव्हती बरोबर.

ती चष्म्याच्या दुकानात आहे. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवायची, दोन्ही कानांमागे बोटं घालून काड्या सारख्या करायच्या, मागे सरकून चेहरा बघायचा, पुन्हा जवळ यायचं. दिवसभर हेच. लग्नानंतर पहिल्यांदा दुकानात गेलो तेव्हा एका टक्कल पडलेल्या गिऱ्हाइकाच्या कानामागे तिची बोटं बघून मला काय वाटलं ते मी कोणाला सांगितलं नाही. आता दुकानाला नवा मालक आला होता, तिच्याहून लहान, बोलायला लाघवी. तो तिला एकदा संध्याकाळी गाडीने सोडून गेला. ती जिन्यात थांबत थांबत वर आली. म्हणाली, "पाय गळून जातात हल्ली." मी म्हटलं, गाडीतून आलीस ना, मग पाय कशाने गळाले? तिने माझ्याकडे बघितलं आणि पिशवी ओट्यावर ठेवून दिली.

आता गंमत बघा. वीस वर्षं मी ज्या आजाराचे डबे मोजतो, त्याची ही सगळी लक्षणं आहेत. गोल चेहरा, लाल गाल, वाढणारं पोट, काटक्या होत चाललेले हातपाय, जरा धक्का लागला की निळे डाग, उडालेली झोप. शरीरात कॉर्टिसॉल जास्त झालं की हेच होतं, शिकाऊ मुलांना मीच घोकायला लावतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. ओळखलं ते फौजदारांनी. मी चष्मा घरी विसरलो होतो, ही तो द्यायला आली, आणि ती गेल्यावर फौजदार माझ्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाल्या, "साहेब, वहिनींच्या चेहऱ्याकडे कधी बघितलंत का?" मी वरमलो. मला वाटलं यांनाही काही दिसलंय. तेच, जे मला दिसत होतं. त्या म्हणाल्या, "डॉक्टरीणबाईंना दाखवा. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठबीठ नसेल ना?" मग डॉक्टरीणबाई, मग तपासण्या, मग हा डबा.

तेव्हा खरं तर प्रकरण तिथेच मिटायला हवं होतं. डाग कशाचे ते कळलं, लाली कशाची ते कळलं. पण संशयाचं असं नसतं. त्याला एकदा घरात जागा दिली की तो भाडेकरूसारखा हक्क सांगतो. आजार असेल, आजार आहेच, पण म्हणून दुसरं काही नाही असं थोडंच आहे? आणि त्यात हा अर्धा डबा. अर्ध्या डब्यात कॉर्टिसॉलही अर्धंच मोजलं जाणार. ते निरोगी माणसाच्या मर्यादेत, अगदी नीट बसत होतं. अहवाल तसाच गेला असता तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या असत्या, घाबरू नका, काही नाहीये. आमच्या नियमाप्रमाणे असा डबा बाद करायचा आणि पुन्हा मागवायचा, त्याच दिवशी. मी बाद केला नाही. अहवालही पाठवला नाही. बाद केला असता तर कारण लिहावं लागलं असतं, फौजदारांनी तिला चार प्रश्न विचारले असते, आणि ती सावध झाली असती. मला ती सावध व्हायला नको होती. मी सांगितलं, यंत्राची शंका आहे, पुन्हा लावतो. आणि आकडा खिशात ठेवून घरी गेलो.

घरी अण्णा दाराशीच होते. अण्णांची सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या शुद्धीकरण केंद्रात गेली. दर तासाला टाकीवर जायचं, बाटलीत नमुना घ्यायचा, चिठ्ठी लावायची, तपासणीच्या खोलीत पोचवायचा. आता त्यांना काल जेवले की नाही ते आठवत नाही, पण हातांना नोकरी आठवते. घरातल्या पाण्याच्या बाटल्या ओळीने मांडून ठेवतात. मध्ये एकदा नळ सोडून बसले, घरात पाणीच पाणी झालं, खालच्या मजल्यावरचे भांडायला आले. एकदा गॅस चालू ठेवला. तेव्हा मी हिला सांगून टाकलं होतं, "आता आणखी एक असं काही झालं ना, तर मी त्यांना वृद्धाश्रमात ठेवणार. माझी बोलणी झालीयेत तिथे. मग मला काही सांगायला येऊ नकोस." ती काही बोलली नाही. तिचं न बोलणं मी होकारात धरलं. माझ्या घरात बरीच गणितं मी अशीच सोडवतो.

जेवताना मी विषय काढला. "रविवारी दुकान बंद असतं ना तुमचं?"

"रविवारी कधी उघडं असतं?"

"नाही, नवा मालक आहे, म्हटलं नवे नियम असतील. कोणी आलं होतं का आपल्याकडे रविवारी?"

"कोण येणार?" ती अण्णांच्या ताटात भाजी वाढत होती. वाढताना हात थांबला. मी तो थांबलेला बघितला.

"आणि डबा नीट भरलास ना? मी सांगितला होता तसा?"

"हो."

"सगळा?"

"हो म्हटलं ना. किती वेळा विचाराल? तुमच्या फौजदारबाई परवडल्या." आणि मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता, "का? काही आलंय का त्याचं?"

"अजून नाही," मी म्हटलं. अण्णा मान वर करून म्हणाले, "नमुना आधी तीन वेळा खळबळून टाकायचा असतो. त्याशिवाय पाणी खरं बोलत नाही." ही पटकन म्हणाली, "अण्णा, जेवा बरं." मी हसलो. म्हाताऱ्याचं नेहमीचं पालुपद. खरं सांगायचं तर माझं लक्षच नव्हतं, मी तिच्या हाताकडे बघत होतो.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मला शोभत नाही. तिचा फोन ती आंघोळीला गेली की उचलायचो आणि खाली ठेवायचो; उघडायचं धाडस नव्हतं आणि न उघडण्याइतका चांगुलपणाही नव्हता. दुकानासमोरून दोनदा गेलो. काचेतून दिसलं, ती उंच स्टुलावर बसून एका लहान मुलीला चष्मा लावत होती आणि मालक मागे हिशेब करत होता. त्यात काही नव्हतं. काही नव्हतं म्हणून मला आणखी वाटलं की कुठेतरी पाणी मुरतंय. कामावर डबे येत होते, मी मोजत होतो, आणि प्रत्येक कमी भरलेल्या डब्यामागे मला माणूस दिसायला लागला. हा दुपारी कुठे गेला असेल, ही संध्याकाळी कोणाकडे होती. फौजदार रोज विचारायच्या, "वहिनींचं झालं का? डॉक्टरीणबाईंचा पुन्हा फोन आला होता." मी रोज नवं कारण सांगायचो.

मग एके दिवशी ही स्वयंपाकघरात खाली बसून धान्य निवडत होती. उठायला गेली आणि उठता येईना. आधी हात टेकले, मग गुडघा, मग ओट्याची कड धरली, आणि अर्ध्यावर येऊन पुन्हा खाली बसली. मी दारात उभा होतो. तिला वाटलं कोणी बघत नाहीये. तिने स्वतःच्या मांड्यांवर हळूच चापट मारली, हट्टी पोराला मारावी तशी, आणि पुन्हा प्रयत्न केला. मी पुढे होऊन तिला उचललं. काखेत हात घातला तेव्हा तिचा दंड माझ्या मुठीत मावला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे निळे डाग उठले होते. त्यांच्यावर माझी बोटं बरोबर बसली असती. मी ती ठेवून बघितली नाहीत. त्या दिवशी मी कामावर जाऊन डबा बाद केला आणि घरी येऊन सांगितलं, "नमुना कमी पडला. पुन्हा द्यावा लागेल."

ती दचकली नाही. का कमी पडला, असं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "बरं. या रविवारी देते." आणि तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट सुटका दिसली. मला आलेली दया तिथेच आटली. ठीक आहे म्हटलं. या रविवारी आपणही बघू.

रविवारी सकाळी तिने पहिली वेळ टाकली, मला घड्याळ दाखवलं, आणि मी कामावर जातो म्हणून निघालो. काम नव्हतंच. समोरच्या रस्त्यावर बसचा थांबा आहे, तिथल्या बाकावर बसून राहिलो. बसगाड्या येत होत्या आणि मी चढत नव्हतो. एका चालकाने तर हॉर्न वाजवून विचारलं, यायचंय का नाही. आमच्या जिन्यात कोणी शिरलं नाही. ती बाहेर पडली नाही. दुपार उलटली तेव्हा मी रस्ता ओलांडला, वर गेलो, आवाज न करता कुलूप उघडलं आणि चपला हातात घेऊन आत शिरलो. स्वतःच्या घरात चपला हातात घेऊन. बाथरूमचं दार अर्धवट लोटलेलं होतं आणि आतून पुरुषाचा आवाज येत होता. खणखणीत, हुकमी, कामावरच्या माणसाचा. "वाकवायचं जरा. अजून. हां, आता खळबळायचं." आणि ही हसत होती. कितीतरी महिन्यांत मी तिला असं हसताना ऐकलं नव्हतं. खरं सांगतो, त्याच क्षणी कुठेतरी थंड वाटलं, सापडलं एकदाचं. मी दार ढकललं.

अण्णा होते. नळाशी उभे, बाह्या वर केलेल्या, हातात आमचा पांढरा डबा. त्यांनी डबा मोरीत ओतला, पुन्हा नळाखाली धरला, खळबळला, ओतला, पुन्हा धरला, आणि गळ्यापर्यंत भरून प्रकाशासमोर धरून बघितला. हा आवाज त्यांचा होता. मी शाळेत असताना टाकीवर जेवणाचा डबा द्यायला जायचो तेव्हाचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "तीनचा नमुना झाला. बाई, चिठ्ठी लावा." माझी बायको बादली पालथी घालून तिच्यावर बसली होती, मांडीवर चिठ्ठ्या, हातात पेन. तिने चिठ्ठी लिहून डब्याला चिकटवली. मग माझ्या हातातल्या चपलांकडे बघितलं.

"हा माझा नाही," ती शांतपणे म्हणाली. "हा त्यांचा. फौजदारबाईंकडून जास्तीचा मागून आणलाय. माझा फ्रिजमध्ये आहे, खाली, भाजीच्या मागे. त्यांना दिसू नये म्हणून."

अण्णा डबा घेऊन पोचवायला निघाले. त्यांची तपासणीची खोली म्हणजे आमची बाल्कनी. सगळं एकदम जुळलं, आणि या वेळी ते जुळणं बरं वाटलं नाही. अर्धा दिवस मोरीत गेला होता. पूड मोरीत गेली होती. तीन वेळा खळबळून.

"मागच्या रविवारी मी जरा आडवी झाले होते," ती म्हणाली. "उठून बघते तर डबा काठोकाठ भरलेला, स्वच्छ पाण्याने, आणि हे दाराशी घेऊन उभे, तपासणीला पोचवायचाय म्हणून. जिना उतरायला निघाले होते. त्यांना परत आणण्यात, मोरी धुण्यात तुमचा फोन वाजून गेला."

"मग मला सांगायचं ना."

"तुम्ही काय म्हणाला होतात? आणखी एक काही झालं तर." तिने पेनाचं टोपण लावलं. "माझं काय, डबा पुन्हा देता आला असता. अण्णांना एकदा तिथे ठेवलं असतंत, तर परत आणता आलं नसतं. तुम्ही आणलं नसतंत."

"अगं, पण नमुना अर्धा आहे हे तुला माहीत होतं. अहवाल चुकीचा गेला असता. तुला काही नाही असं म्हणाले असते."

"तुम्ही आहात ना तिथे," ती म्हणाली. "मला खात्री होती, तुमच्या नजरेतून अर्धा डबा सुटणार नाही. दुसऱ्याच दिवशी बाद कराल आणि पुन्हा मागाल असं वाटलं. मी रोज वाट बघत होते, आज सांगतील, उद्या सांगतील. तुम्ही सांगेचना." ती भिंतीला धरून उठायला लागली. मी हात दिला, तिने घेतला. उभी राहिल्यावर तिने विचारलं, "चपला काढून कोणाला शोधत होतात?"

मी चपला खाली ठेवल्या. तिने उत्तराची वाटही बघितली नाही. "दुकानातला मुलगा का? त्याला माझी दया येते हो. जिना चढताना दमते म्हणून सोडायला आला होता. तुम्हाला दया नाही आली तेव्हा, शंका आली." हे ती रागाने म्हणाली असती तर मला सोपं गेलं असतं. बाल्कनीतून अण्णांनी हाक मारली, चारच्या नमुन्याची आठवण करून द्यायला, आणि ती गेली.

सोमवारी डबा मीच नेला आणि मीच लावला. रिवाज पुन्हा मोडला. डबा थंड होता, नमुना स्वच्छ होता, पूड तळाशी विरघळलेली. मी आयुष्यात पहिल्यांदा मनातून म्हणत होतो, कमी भरू दे. एखादी वेळ चुकलेली असू दे, अण्णांनी पुन्हा ओतलेला असू दे, ती कुठेतरी गेलेली असू दे. हो, कोणाकडेही गेलेली असू दे. क्रिएटिनिन आलं. पूर्वीच्यापेक्षा जरासंच कमी होतं, आणि ते कमी कुठे गेलं ते मला माहीत होतं. मी तिचा दंड मुठीत धरला होता. दिवस पूर्ण होता. मग कॉर्टिसॉल आलं. मी पुन्हा लावलं. मग नळी बदलून पुन्हा. डब्यात खोट सापडेना. फौजदार माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या, आकडा वाचला, आणि नेहमीसारखे प्रश्न न विचारता म्हणाल्या, "आणखी आधी कळलं असतं तर बरं झालं असतं." मी म्हटलं, "हो." डॉक्टरीणबाईंना फोन त्यांनीच केला, आता पोट स्कॅन करा, ग्रंथीचं बघा, लवकर करा, असं काय काय त्या बोलत होत्या.

घरी गेलो तर अण्णा दाराशी वाट बघत होते. त्यांना कालचा नमुना कसा काय लक्षात राहिला कोण जाणे. "पास झाला का रे?" त्यांनी विचारलं.

"पास झाला, अण्णा. अगदी व्यवस्थित."

ही आत खुर्चीवर बसली होती. तिने ऐकलं. नमुना पास म्हणजे आकडा खरा; तिच्यासारख्या बाईला तेवढं पुरे होतं. मी समोर जाऊन बसलो.

"खूप आहे का?" तिने विचारलं.

"खूप आहे."

"म्हणजे आहेच."

"आहेच."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली, दुकानात बघते तशी, जरा मागे सरकून. "किती वाकडा घालता हो चष्मा," ती म्हणाली. तिने तो काढला, पदराने पुसला, काडी जराशी वाकवली आणि माझ्या दोन्ही कानांमागे बोटं घालून परत बसवला. बोटं गार होती. इतक्या वर्षांत तिने माझा चष्मा कधी नीट केला नव्हता, आणि मी कधी करून मागितला नव्हता.

"चला," ती म्हणाली, "निदान मी घरातच होते एवढं तरी ठरलं."